मिक्स लॉटमध्ये मोबाईल पार्ट घेणं परवडतं का? (तालुक्याच्या दुकानासाठी)

अरुणावती | रविवार, रात्री ९.१२

राम राम मंडळी. शिरपूरला रिपेअरिंगचं दुकान आहे. माल सुटा येतो: रोजचा धुळ्याहून, मोठी यादी झाली की जळगावच्या गोलाणी मार्केटमधून. सुट्याचा भाव चढा पडतो आणि पार्ट येईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं ते वेगळंच. आता सुरतचा एक होलसेलवाला मिक्स लॉट देतो म्हणतोय. फोल्डर (डिस्प्ले आणि टच जोडलेला), सीसी बोर्ड (चार्जिंगचा छोटा बोर्ड), सॉकेट, रिंगर (मोठ्या आवाजाचा स्पीकर), बॅटऱ्या सगळं एकत्र, भाव सरसकट. निवडायचं नाही, जे आलं ते आलं.

असा लॉट घ्यावा का? आणि घेतलाच तर तपासायचा कसा? 'घेऊ नका' म्हणणाऱ्यांनी कारणही लिहा, नुसतं नाक मुरडू नका.

शेवभाजी_स्पेशल | ९.२०

'जे आलं ते आलं' हे शेवभाजीच्या रश्श्याला चालतं भो, फोल्डरला नाही.

मल्टीमीटर | ९.४१

आधी त्याला विचारा की लॉट कुठल्या जातीचा. बाजारात चार प्रकारचा माल 'मिक्स लॉट' म्हणून विकला जातो आणि चौघांचा भाव एक असूच शकत नाही.

पहिला, पडून राहिलेला नवा माल. दुकान बंद झालं किंवा मॉडेल जुनं झालं म्हणून काढलेला. तो बहुतेक चालू असतो, अडचण फक्त उठावाची. दुसरा, चालू हँडसेटमधून काढलेला माल. ओरिजनल असतो, पण फ्लेक्स (वायरच्या पातळ पट्ट्या) ओढलेले, कनेक्टर वाकलेले, काचेला चरे. तिसरा, रिटर्न माल. गावोगावच्या दुकानदारांनी 'फॉल्टी' म्हणून परत पाठवलेला, पुसून नवी पन्नी लावून पुन्हा पाकिटात घातलेला. चौथा, किलोवरचा. त्यात पार्ट कमी आणि भंगार जास्त.

पहिला घ्या. दुसरा हातात घेऊन, निवडून मिळत असेल तर घ्या. तिसऱ्याकडे वळूनही बघू नका. रिटर्न माल ओळखायच्या खुणा: पन्नीची ओढायची चिठ्ठी दुसरीकडेच चिकटवलेली, पन्नीखाली धुळीचे कण, कनेक्टरच्या सोनेरी पिनांवर बारीक रेघा (म्हणजे आधी लावून काढलेला), आणि फ्लेक्सला आधीच पडलेली घडी. दहा एक्सच्या लूपखाली (दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली) पिना बघितल्या की दोन मिनिटांत कळतं. नव्या कनेक्टरच्या पिना सगळ्या सारख्या चमकतात. एकदा बसून निघालेल्याला मधोमध आडवी घासलेली रेघ असते.

गिरणाकाठ | १०.०५

भाव नगावर बघू नका. चालणाऱ्या आणि *विकल्या जाणाऱ्या* नगावर बघा.

समजा १०० फोल्डर ३०० रुपये नगाने, म्हणजे ३०,००० चा लॉट. त्यात १५ निकामी निघाले. २५ अशा मॉडेलचे जे शिरपूरला कोणी घेऊन येत नाही. राहिले ६०. तीस हजार भागिले ६०, म्हणजे ५०० रुपये नग. वर भाडं, तपासायचा वेळ, आणि सहा महिने अडकलेला पैसा. तोच फोल्डर टेस्टिंग गॅरंटीसह (लावून बघा, चालला नाही तर बदलून) सुटा ५५० ला मिळत असेल तर ५० रुपयांसाठी ही उठाठेव कशाला?

चोपडा_नाका | १०.१८

गिरणाकाठ, ते २५ फोल्डर शून्याला गेले असं धरलंत तिथेच हिशेब बिघडला. शिरपूरला चालत नाही ते शहाद्याला चालतं, शहाद्याला नाही ते पाचोऱ्याला. रिपेअरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की निम्म्या भावात जातं. १५० ने गेले तरी ३,७५० परत आले. मग २६,२५० भागिले ६०, साधारण ४३८. सुट्याच्या मानाने शंभराच्या वर फरक पडतो. महिन्याला बरे फोल्डर बसवणाऱ्याला तो कमी नाही.

गिरणाकाठ | १०.२६

जाणार कधी ते सांगा. फोल्डरचा भाव मॉडेल जुनं होईल तसा खालीच येतो. ग्रुपवर दोन महिने पडून राहिला की १५० चा ९० होतो. आणि ग्रुपवरचा माणूस 'चालू नाही' म्हणून परत पाठवतो तेव्हा कुरिअर कोणाच्या खिशातून?

चोपडा_नाका | १०.३१

विकताना पन्नी लावूनच टेस्टचा व्हिडिओ पाठवायचा, सिरीयल चिकटवायचा आणि फोल्डरच्या मागे मार्करने सही. परत आला आणि सही नसेल तर वाद संपला.

फ्लक्स_भाऊ | १०.५८

दोघेही फोल्डरवरच अडलात. मिक्स लॉटमध्ये खरा पैसा बारीक मालात आहे: सॉकेट, माईक, रिंगर, इअर स्पीकर, ऑन-ऑफ स्ट्रिप, सिम ट्रे. हे वर्षभर पडून राहिलं तरी खराब होत नाही, जागा खात नाही, आणि सुटं घ्यायला गेलं की दोन रुपयांच्या वस्तूचे पंधरा मोजावे लागतात. पण वर्गवारी स्वतः करावी लागते. ती अशी:

रिंगर आणि इअर स्पीकर दिसायला सारखे असले तरी मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना लावा. ७ ते ८ ओहम दाखवलं तर रिंगर, ३० च्या आसपास दाखवलं तर इअर स्पीकर. मीटर लावताना बारीक 'टक्' आवाज यायला हवा. वाचन बरोबर आणि आवाज नाही, म्हणजे पडदा चिकटलाय किंवा आत धातूचा कीस गेलाय. काहीच वाचन नाही तर कॉईल तुटली, फेका.

माईकचे दोन डबे करा. जुने गोल दोन पायांचे, कीपॅड फोनला चालतात. चौकोनी धातूच्या टोपीचे, स्मार्टफोनचे. चौकोनी माईकमध्ये पुन्हा दोन प्रकार: आवाजाचं भोक वर टोपीत, किंवा खाली बोर्डाच्या बाजूला. लॉटमध्ये हे हमखास एकत्र येतात. खालच्या भोकाच्या जागी वरचं बसवलं तर सोल्डरिंग छान दिसतं आणि समोरच्याला आवाज जात नाही. बसवताना भोकावर थेट हॉट एअर मारू नका, फ्लक्स जाऊ देऊ नका आणि नंतर बोर्ड अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये बुडवू नका. आतला पडदा तिथेच जातो.

चार्जिंग सॉकेट: मायक्रो पाच पिनमध्ये पायांचं अंतर, पाय दोन की चार, आणि सॉकेट बोर्डावर बसतं की बोर्डाच्या खाचेत, या तीन गोष्टींवर वेगळे करा. टाईप-सी मध्ये ६ पिन, १६ पिन आणि २४ पिन वेगळे. ६ पिनवर फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. ते स्मार्टफोनवर बसवलं की गिऱ्हाईक 'फोन कॉम्प्युटरला लागत नाही' म्हणत परत येतं.

आणि लॉट घेण्याआधी एक सॉकेट वाया घालवा. ३५० अंशांवर हॉट एअरने खालून तापवा. आतली जीभ पिवळी पडली किंवा वाकली तर सगळं पोतं त्याच प्लॅस्टिकचं असणार. लेड-फ्री (बिनशिशाचं) सोल्डर २१७ अंशाला वितळतं, ६३/३७ (कथिल-शिसं) वालं १८३ ला. जुन्या सांध्यावर आधी थोडं ६३/३७ चढवून घेतलं तर कमी उष्णतेत सॉकेट निघतं आणि नव्याचं प्लॅस्टिकही वाचतं. पण ज्याची जीभ चाचणीतच वाकते ते फुकट मिळालं तरी महाग.

बोरीकाठ | ११.०३

सिम ट्रे विसरलात. रंग, सिंगल-ड्युअल, मेमरी कार्डाची जागा. ट्रेचा मिक्स लॉट म्हणजे आयुष्यभराचं कोडं.

फ्लक्स_भाऊ | ११.०७

ट्रे एका डब्यात ओतून ठेवा आणि गिऱ्हाईकालाच शोधायला लावा. 😀

तापीकाठ | सोमवार, सकाळी ७.५०

फोल्डर तपासायची रीत, कारण निम्मे लोक नुसता लोगो बघून 'ओके' म्हणतात.

मॉडेलप्रमाणे एकेक चालू हँडसेट, उघडा करून, खाली फोम ठेवून. फोल्डर लावायच्या-काढायच्या आधी दरवेळी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. चालू बोर्डावर फोल्डर लावला की बॅकलाईटच्या लाईनमध्ये जास्त व्होल्टेज असतं, पिन तिरकी टेकली तर बॅकलाईटचा डायोड किंवा कॉईल उडते. मग फोल्डर चांगला असून 'अंधारा' दिसतो आणि पुढचे सगळे फोल्डर नापास होतात, कारण गेलेला असतो तुमचा टेस्टिंगचा हँडसेट.

पन्नी काढायची नाही, ती निघाली की टेस्टिंग गॅरंटी संपते. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा. सॅमसंगला *#०*#, शाओमीला *#*#६४८४#*#* टाकलं की टेस्ट मेनू येतो. पांढऱ्यावर कडेचे पिवळे डाग आणि दाबाच्या खुणा, काळ्यावर कडेने गळणारा उजेड.

टच साठी डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'पॉइंटर लोकेशन' चालू करा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात, मग आडव्या जवळजवळ रेघा *सावकाश* ओढा. भरभर ओढली की तुटलेली जागा लपते. मग हेच चार्जर लावून पुन्हा. स्वस्त टच चार्जिंगवर उड्या मारतो, आणि गिऱ्हाईक नेमकं चार्जिंगला लावूनच फोन वापरतं.

शेवटी कॉल लावून वर बोट धरा. पडदा बंद व्हावा, बोट काढल्यावर चालू व्हावा. कॉपी काचेत सेन्सरच्या खिडकीचा रंग दाट असला की कॉलमध्ये पडदा काळाच राहतो.

एका फोल्डरला सवयीने चार-पाच मिनिटं. १०० चा लॉट म्हणजे पूर्ण दिवस. हाही खर्च गिरणाकाठ यांच्या हिशेबात घाला.

मल्टीमीटर | ८.१५

+१. भर म्हणून: ज्या फोनचा फिंगरप्रिंट पडद्याखाली आहे (उदा. सॅमसंग ए५०) त्याला इनसेल किंवा टीएफटी (म्हणजे स्वस्त एलसीडी जातीचा) फोल्डर लावला की फिंगरप्रिंट कायमचा बंद. तो सेन्सर ॲमोलेडच्या (बॅकलाईट नसलेल्या मूळ पडद्याच्या) आरपार बघतो, एलसीडीच्या मागे बॅकलाईटचा थर असल्याने त्याला बोट दिसतच नाही. शिवाय टीएफटी जाड, फ्रेममध्ये अर्धा मिलीमीटर वर राहतो आणि कड उचकटते. लॉटच्या यादीत 'ए५० फोल्डर' एवढंच लिहिलेलं असेल तर ते इनसेलच समजा. लावायला हरकत नाही, पण गिऱ्हाईकाला आधी सांगून, बिलावर लिहून.

भुसावळचं_ऊन | ९.३०

बॅटऱ्या मिक्स लॉटमध्ये अजिबात घेऊ नका. कारणं मागितलीत म्हणून लिहितो.

लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि उन्हात लवकर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये त्याहून जास्त. पडून राहिलेल्या बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू उतरतं. २.५ व्होल्टच्याही बरंच खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि अशा बॅटरीला 'बूस्ट' मारून उठवलं की आतून शॉर्ट व्हायचा धोका. मिळालेल्या बॅटरीवर ३.७ ते ३.९ व्होल्ट हवेत. ३.३ च्या खाली असेल तर ती कधीची आहे ते विचारा. २.५ च्या खाली म्हणजे सरळ बाद.

दुसरं, कनेक्टरवरची तिसरी पिन. प्लस-मायनस जुळलं म्हणजे बॅटरी जुळली असं नाही. तापमान कळवणारा थर्मिस्टर त्या पिनवर असतो. कॉपी बॅटरीत तो नसला किंवा किंमत चुकीची असली की फोन 'बॅटरी टेम्परेचर' दाखवून चार्जिंग तोडतो, आणि आपण सीसी बोर्ड बदलत बसतो.

तिसरं, लेबल. बॅटरीला आयएस १६०४६ प्रमाणे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आर- ने सुरू होणारा नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघता येतो. कंपनीचा लोगो आहे पण नंबर नाही, म्हणजे नकली. नकली लोगोचा माल विकणं ट्रेडमार्क कायद्यात गुन्हा आहे, धाड पडली तर दुकानदारही अडकतो. लोगो नसलेली, स्वतःच्या नावाने विकणाऱ्या नोंदणीकृत कंपनीची बॅटरी घ्या. ती चालते आणि झोपही लागते.

केळीचं_पान | ९.४४

उन्हाचा विषय निघालाच आहे तर: एप्रिल-मे मध्ये 'चार्जिंग होत नाही' म्हणून जे फोन येतात त्यातले कितीतरी चांगलेच असतात. लिथियम सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचा असतो. हवाच तेवढी तापलेली, फोन खिशात किंवा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर. फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मग मीटर लावा.

आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सॉकेट बदलायच्या आधी लूपखाली आत बघा. कापसाचा पुंजका आणि माती दाबून दाबून तळाशी घट्ट बसलेली असते. लाकडी टूथपिक, मऊ ब्रश, आयपीए (सफाईचं अल्कोहोल). निम्मी सॉकेट तिथेच वाचतात.

शेवभाजी_स्पेशल | ९.५२

ते सांगू नका हो सगळ्यांना, धंदा बसेल.

पक्कं_बिल | ११.१०

कोणी बिलाबद्दल बोललंच नाही. मोबाईल पार्टवर १८ टक्के जीएसटी. तुमची नियमित नोंदणी असेल तर पक्क्या बिलावर तो क्रेडिट म्हणून परत मिळतो (भरायच्या करातून वजा होतो), पण बिल हातात असून भागत नाही. व्यापाऱ्याने विवरण भरून ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदीच्या पत्रकात) दिसायला हवं. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर क्रेडिट नाही, मग भाव १८ टक्के धरूनच तुलना करा. कच्च्या बिलाचा 'स्वस्त' लॉट नियमित नोंदणीवाल्याला बरेचदा महागच पडतो.

सुरत-इंदूरहून माल ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाईन पत्र) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती मर्यादा १ लाख. बिलावर 'मिक्स मोबाईल पार्ट्स, १ लॉट' असं लिहू देऊ नका. प्रकार आणि नग वेगवेगळे लिहायला लावा, नाहीतर वाटेत गाडी थांबवली तर माल जुळवून दाखवता येत नाही.

अजून एक, सहसा कोणी सांगत नाही ते: लॉटमधले निकामी नग खर्ची टाकून फेकले तर त्यांच्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. जीएसटी कायद्याचं कलम १७(५). म्हणून 'निकामी नगांच्या बदल्यात क्रेडिट नोट' (तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याची चिठ्ठी) हे आधीच ठरवा.

चोपडा_नाका | ११.२५

मिक्स लॉटवाला क्रेडिट नोट देणार? कुठल्या जगात राहता?

पक्कं_बिल | ११.३१

पहिल्या खेपेला देत नाही. लॉटचे दोन हप्ते करा म्हणाल तर देतो. निम्मा माल, निम्मे पैसे, आठ दिवसांत निकामी नगांची यादी व्हिडिओसह, ती रक्कम दुसऱ्या हप्त्यात वळती. जो याला तयार नाही त्याला स्वतःच्या मालाची खात्री नाही. एवढं कळलं तरी काम झालं.

नवापूर_फाटा | दुपारी १.४०

न्यायचं-आणायचं: साक्री-नवापूरकडच्यांना सुरत सोपं, नंदुरबार-अमळनेर-जळगाव पट्ट्याला उधना लाईनची गाडी आहेच. शिरपूरकरांना मुंबई-आग्रा रोडने इंदूरही जवळ, तिथला जेल रोडचा बाजार बघून या. मुंबईचं मनीष मार्केट आणि दिल्लीचं गफ्फार मार्केट यांत प्रकार जास्त, पण तिथून माल कुरिअरनेच. पहिला लॉट मात्र हातात घेऊनच घ्या. स्वतःचे तीन-चार उघडे हँडसेट सोबत न्या आणि दर पाकिटातले दोन-दोन नग तिथल्या तिथे लावा. वरचे दोन नकोत, खालचे.

कुरिअरने असेल तर बॅटऱ्या वेगळ्या खोक्यात, रस्त्याने जाणाऱ्या सेवेने. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला २०१६ पासून बंदी आहे. मिक्स खोक्यात लपवून हवाईने बुक केल्या की स्कॅनरवर सगळं खोकं अडकतं, तुमच्या सिम ट्रेसकट. खोकं उघडताना टेपपासून शेवटच्या पाकिटापर्यंत एकसलग व्हिडिओ काढा, मध्ये तोडलेला कोणी मानत नाही.

मल्टीमीटर | १.५८

लॉटमध्ये मदरबोर्ड असतील तर अजून एक गोष्ट. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बोर्डात असतो. चोरीच्या फोनचा पडदा-बॉडी वेगळी विकली जाते आणि बोर्ड किलोवर. बोर्ड चालू होत असेल तर *#०६# करून नंबर काढा, आणि केवायएम, मग एक जागा सोडून नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही बघता येतं. काळ्या यादीतला निघाला तर हातच लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतं, आणि आयएमईआय बदलून देणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात वेगळा गुन्हा. डेड बोर्डाचा नंबर वाचता येत नाही, म्हणून विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि बिल असल्याशिवाय डेड बोर्डही नको.

बोरीकाठ | २.१०

सीसी बोर्डाबद्दल कोणी लिहा ना. आमच्या भागात सगळ्यात जास्त तेच लागतात.

तापीकाठ | २.४५

सीसी बोर्ड म्हणजे नुसतं चार्जिंग नव्हे. बऱ्याच फोनमध्ये माईक, जॅक आणि अँटेनाची वायर त्याच्यावरच असते. म्हणून चार गोष्टी: यूएसबी मीटरवर करंट (फोन ३०-५० टक्के चार्ज असताना, भरलेल्या फोनवर करंट कमीच दिसतो), फास्ट चार्जर लावल्यावर व्होल्टेज-करंट वाढतो का, व्हॉइस रेकॉर्डिंग, आणि नेटवर्क.

नेटवर्कसाठी *#*#४६३६#*#* मध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. जुन्या बोर्डावर लिहून ठेवा, नवा लावून त्याच जागी पुन्हा बघा. उणे ९० चा उणे १०५ झाला तर अँटेनाचा मार्ग कच्चा आहे. शिरपूर गावात चालून जाईल, पण गिऱ्हाईक धडगाव-अक्राणीकडचं असेल तर घरी गेल्यावर नेटवर्कच नाही. स्वस्त बोर्डात फास्ट चार्जिंगचे भाग गाळलेले असतात. रिकामे पॅड लूपखाली दिसतात. ओरिजनलचा फोटो शेजारी ठेवून पॅड मोजा.

अरुणावती | रात्री ८.३५

सगळ्यांचे आभार. व्यापाऱ्याकडून यादी मागवली, ती अशी आली. सगळ्याचे मिळून २४,०००:

ओप्पो ए३एस / रियलमी सी१ फोल्डर – १०
विवो वाय९१ – ८
रेडमी ९ए – १२
रेडमी नोट ७ प्रो – ६
'नोट १०' – ६
सॅमसंग ए५० – ६
सीसी बोर्ड मिक्स – ४०
टाईप-सी सॉकेट – २००
रिंगर – ५०
बॅटरी मिक्स – २५

मूळ प्रश्नावर येऊ. या यादीचं काय करायचं?

गिरणाकाठ | ८.५०

यादी दिली म्हणजे माणूस बरा आहे. रेडमी ९ए चे १२ चांगले: तोच फोल्डर ९आय, ९सी, १०ए, पोको सी३ आणि सी३१ ला चालतो. ओप्पो ए३एसचा रियलमी २ ला आणि ए५ लाही चालतो, पण २०१८ चा ए५. 'ए५ २०२०' वेगळा. वाय९१ चा वाय९३, वाय९५ ला. नोट ७ प्रोचा नोट ७ आणि ७एस ला. म्हणजे ३६ नग जुळवणीत बसतात. पण ए३एस, वाय९१ हे २०१८ चे फोन, उठाव उतरतीला लागलाय. निम्मे घ्या.

मल्टीमीटर | ८.५८

'नोट १०' म्हणजे कुठला? नोट १० आणि १०एस ॲमोलेड, नोट १० ५जी एलसीडी, १० प्रो अजून वेगळा. कनेक्टरचा फोटो मागवा. ए५० इनसेल असणार, दोनच ठेवा.

भुसावळचं_ऊन | ९.०२

बॅटऱ्या यादीतून काढा. २५ च्या २५.

चोपडा_नाका | ९.१०

पण भाव वाईट नाही भो. बॅटऱ्या आणि ए५० काढून त्याच्याकडून उरलेल्याचा भाव घ्या. १८ हजारांच्या आसपास आला तर मी घेतला असता. सीसी बोर्ड मिक्स ४० मध्ये कुठले मॉडेल ते मात्र आधी.

गिरणाकाठ | ९.१४

१८ नाही, १६. पण खरं शे, बॅटऱ्या काढल्यावर बोलण्यासारखा सौदा आहे.

पक्कं_बिल | ९.१६

पक्क्या बिलासह १६ की बिनबिलाचे १६?

अरुणावती | ९.४०

पक्क्या बिलासह विचारलं. बॅटऱ्या आणि ए५० काढायला तयार आहे, १७,५०० म्हणतोय. दोन हप्त्यांना आधी नाही म्हणाला, मग पहिला हप्ता ६० टक्क्यांचा असेल तर चालेल म्हणाला. नोट १० चे फोटो उद्या पाठवतो. टाईप-सी २०० पैकी १६ पिनचे किती ते मोजून सांगणार आहे.

फ्लक्स_भाऊ | ९.४८

सॉकेटचे फोटो वरून काढलेले नकोत, खालून हवेत, पाय दिसतील असे. शेजारी पट्टी ठेवायला सांगा. आणि तापवायला एक नग आधीच कुरिअरने मागवून घ्या, फोल्डरच्या फोटोंची वाट बघत बसू नका.